लांबचा की जवळचा

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे असं कळलं, तेव्हा मला खरं तर बरं वाटलं होतं. निदान कारण तरी सापडलं. आता मोतीबिंदू काढायचा, भिंग बसवायचं आणि मोकळं व्हायचं. मला काय माहीत की ही भिंगं चार तऱ्हांनी बसवता येतात आणि त्या चार तऱ्हा मिळून माझ्या डोक्याची पार मंडई करणार आहेत!

ही दोन हजार सहाच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचं गाव मालवणच्या उत्तरेला, मिठबावच्या अलीकडे. बाबा रापणीवर होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडत जायचं आणि मग चाळीसेक माणसांनी दोन्ही टोकांचे दोर धरून बाहेर ओढायचं. पण सोडायचं कधी आणि कुठे, हे सांगणारा एक माणूस लागतो. तो पहाटेपासून वाळूत उभा राहून पाण्याकडे बघत असतो. बांगड्यांचा थवा आला की तेवढ्यापुरतं पाणी काळवंडतं, वर बारीक शिरशिरी उठते. ती ओळखायची आणि हात वर करायचा. आमच्या रापणीचा हा माणूस तीस वर्षं माझे बाबा होते. त्यांचा हात वर गेला की हातातला चहा टाकून लोक धावत. चष्मा त्यांनी जन्मात लावला नव्हता. गावात कुणी नवा चष्मा घालून दिसला की विचारायचे, "काय रे, डोळ्यांक खिडक्यो बसवलंस?"

मागच्या हंगामात दोनदा त्यांचा हात वर गेला आणि दोन्ही वेळा जाळं रिकामं आलं. रिकामं म्हणजे शेवाळ, चार खेकडे आणि कुणाची तरी एक चप्पल. चाळीस माणसांनी तासन्‌तास दोर ओढलेले. तोंडावर कुणी बोललं नाही, पण चहाच्या टपरीवर सुरू झालं, "बांगडो नाय रे, ढगाची सावळी धरूक गेलो म्हातारो." आई बाजारात मासे विकायला बसते, तिच्या कानावर ते आलं. सांगणारीला तिने तिथल्या तिथे "शिरा पडांदे तुझ्या तोंडार!" म्हणून गप्प केलं, पण घरी येऊन रडली. बाबा त्यानंतर किनाऱ्यावर गेलेच नाहीत, महिनाभर घरात कोपऱ्यात तोंड घालून बसले. त्यांच्या जागी दुसरा एक जण उभा राहू लागला, तात्पुरता. तात्पुरता हा शब्द सगळे फार जपून उच्चारत होते.

म्हणून ऑपरेशन पावसाळ्यातच व्हायला हवं होतं. तेव्हा समुद्र बंद असतो. नारळी पुनवेनंतर रापण पुन्हा सुरू होते. तोवर बाबांची नजर आली तर बाबांची जागा बाबांना मिळणार, नाहीतर ती गेली. इतका सरळ मामला होता.

आणि ठरवायचं कुणी? मी! मी त्यांची एकुलती मुलगी. सासर दोन घरं सोडून, आणि गावच्याच शाळेत चौथीला शिकवते. ज्या माणसाच्या एका हातावर चाळीस माणसं धावत, तो माणूस मला म्हणाला, "तू सांगशीत तां."

मला असा राग आला! म्हटलं, "डोळे तुझे, दर्यो तुझो, आणि सांगतलंय मी?"

"तू शिकलेली मा गो."

झालं. लागले डॉक्टर शोधायला.

पहिला डॉक्टर कुडाळचा. तो म्हणाला, "लांबचं दिसेल असं भिंग घालू. वाचायला, सुईत दोरा ओवायला चष्मा लावायचा. विषय संपला." मला पटलं होतं हो! पण दोडामार्गचा मामा, रोज गोव्यात कामाला जातो तो, नेमका त्याच आठवड्यात आला. "गोव्यात नवीन भिंग इलाहा. लांबचा, जवळचा, सगळा दिसता. चष्मोच नको. जुना भिंग कित्याक घालतास?" झालं, आम्ही गोव्यात. तिथल्या डॉक्टरने विचारलं, हे काय काम करतात. मी म्हटलं, समुद्राकडे बघतात. तो आधी हसला. मग मी रापणीचं सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "या भिंगाने दिव्याभोवती वलयं दिसतात कधीकधी. आणि मंद उजेडात रंगारंगातला फरक थोडा कमी कळतो. पहाटेच्या काळ्या पाण्यातलं जास्त काळं पाणी ओळखायचं असेल तर माझ्या वडिलांना मी हे घातलं नसतं." प्रामाणिक माणूस. पण आम्ही आपले हात हलवत परत.

तिसरा बेळगावचा. त्याने अर्धा तास बसवून नीट समजावलं, नुसतं जवळचं दिसेल असंही भिंग असतं म्हणाला, आणि वर चौथी तऱ्हा काढली. एक डोळा लांबचा, एक जवळचा. मेंदू आपोआप जुळवून घेतो म्हणे.

"सगळ्यांना जमतं?"

"काहींना जमतं, काहींना नाही."

"यांना जमेल?"

"ते ऑपरेशन झाल्यावर कळेल."

हे काय उत्तर झालं? चौथीतल्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

घरी येऊन मी शाळेच्या एका जुन्या वहीत चार रकाने आखले. लांबचं, जवळचं, दोन्ही एकात, एकेक डोळा वेगळा. प्रत्येकाखाली फायदे-तोटे. आई समोर विळीवर खाडीतले मासे कापत होती, बाबा ओटीवर फाटलेलं जाळं डोळ्यांशी धरून शिवत होते. मी वाचून दाखवलं. आईने माशाचं डोकं बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तुझ्या चष्म्याचो नंबर खंयचो?"

"लांबचो."

"म्हणजे तुका लांबचा दिसता?"

"दिसना नाय म्हणान लांबचो."

"मगे बापाशीक लांबचा भिंग घातला तर तेका लांबचा दिसना नाय?"

"तसा नाय गे आये! भिंग लांबचा म्हणजे लांबचा दिसतला. चष्मो लांबचो म्हणजे लांबचा दिसना नाय, म्हणान चष्मो."

"एकच शब्द, आणि दोन बाजूंक दोन अर्थ?"

खरंच, असं का होतं ते मला सांगता येईना. "शिरा पडली तुझ्या शिक्षणार," म्हणून ती पुन्हा माशाला लागली. तिथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही.

बाबांनी तेवढ्यात एकच विचारलं, "जवळच्या भिंगान ह्यां जाळा दिसतला?"

"दिसतला. पण दर्यो दिसाचो नाय चष्म्याबिगर."

"हं," म्हणाले, आणि शिवू लागले.

शेवटी मी लांबचं भिंग ठरवलं. कुडाळवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलेलं! एवढं फिरून आम्ही त्याच जागी आलो. पण डॉक्टर मात्र बेळगावचा, कारण त्याने निदान अर्धा तास दिला होता. एक डोळा आत्ता, दुसरा दिवाळीनंतर असं ठरलं. आंबोलीच्या घाटात धुकं इतकं होतं की दिवसाउजेडी एसटीचे दिवे लावलेले, आणि ड्रायव्हर मान बाहेर काढून रस्ता शोधत होता. बाबा पूर्ण प्रवासात पहिल्यांदाच खुशीत दिसले. म्हणाले, "आता तुमका सगळ्यांक कळात, माका कसा दिसता तां."

आता बेळगावच्या दवाखान्यातला तो कागद. आतून एक बाई आली, हातात पाच-सहा जणांचे कागद. घाईत होती. "ओ बाई, लांबचा की जवळचा? तिथं खूण करा आणि खाली सही करा." मी बघितलं. दोन चौकोन. एकापुढे लांबचा, एकापुढे जवळचा. महिनाभर डोकं पिकवून ज्याचं उत्तर काढलं होतं तोच प्रश्न, आणि तोही इतका सोपा करून! मी लांबचा या चौकोनात ठसठशीत खूण केली आणि झोकात सही ठोकली. बाकाशी येऊन बाबांना सांगितलं, "लांबचा सांगलंय." त्यांनी मान हलवली.

वाचणाऱ्याच्या कदाचित आत्ताच लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी सकाळी आलं.

पट्टी काढली. बाबांनी आधी स्वतःचा तळहात बघितला, खूप वेळ. मग माझ्या हातातली औषधाची बाटली घेतली आणि तिच्यावरच्या चिठ्ठीतली बारीक अक्षरं दुसरीतल्या मुलासारखी बोट ठेवून वाचली, "दिवसातून चार वेळा." माझा जीव भांड्यात पडला. मी हसत म्हटलं, "बाबा, त्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले सांग बघू."

ते बघत राहिले. मग म्हणाले, "थंय घड्याळ आसा?"

मी धावत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे कागद काढून समोर धरला. वर छापलं होतं, शस्त्रक्रियेनंतरचा चष्मा. खाली लांबचा, त्यापुढे माझी खूण. म्हणजे लांबचं बघायला चष्मा लागेल, जवळचं तसंच दिसेल. उलटं! आमच्या मालवणीत भिंग लांबचं असेल तर ते लांबचा, आणि चष्मा लांबचा असेल तर तो लांबचो. महिनाभर घरात "लांबचा व्हया, लांबचा व्हया" करत होते, तोच शब्द कागदावर दिसला आणि मी त्याला आपला समजले. वर्गात मुलांनी मालवणीत उत्तर लिहिलं की मी लाल शाईने गोल करते. म्हणते, शाळेत शाळेची भाषा. आणि मी स्वतः बापाच्या डोळ्यावर हे लिहून आले होते.

मी तिथेच, सगळ्यांसमोर रडायला लागले. डॉक्टर बिचारे गडबडले. "अहो, आम्ही टेबलावर यांना परत विचारलं होतं. जवळचं चष्म्याविना दिसेल, लांबचं चष्म्याने, चालेल ना? ते चलात म्हणाले."

मी वळून बाबांकडे बघितलं. ते ताठ उभे होते, आणि कचेरीत गेल्यावर बोलतात तसं शुद्ध मराठीत म्हणाले, "तिचं काही चुकलं नाही साहेब. मीच तिला तसं सांगितलं होतं."

एक अक्षर सांगितलं नव्हतं! परतीच्या एसटीत मी त्यांना धरलं.

"खोटा कित्याक सांगलंस?"

"खोटा खंय?"

"तू माका कधी सांगलंस?"

"मनात सांगलंय," म्हणाले, आणि खिडकीला डोकं टेकून चक्क झोपले.

मला मात्र डोळ्याला डोळा लागेना. टेबलावर त्यांना प्रश्न कळलाच नसेल? घाबरून चलात म्हणाले असतील? त्यांना सगळ्या डॉक्टरांसमोर मान डोलवायची सवय आहे. की डॉक्टरचा प्रश्न ऐकून त्यांच्या लक्षात आलं की मुलीने घोळ घातला, आणि मुलीची अब्रू नको जायला म्हणून गप्प राहिले? की त्यांना खरंच तसंच हवं होतं? पण मग महिनाभर तोंडाला कुलूप का? एकेक उत्तर धरलं की दुसरं हातातून सुटायचं. डॉक्टर म्हणाले होते, भिंग बदलता येतं पण धोका आहे, त्यापेक्षा लांबसाठी चष्मा करा, आणि दुसऱ्या डोळ्यात हवं तर लांबचं घालू. म्हणजे माझ्या वहीतला चौथा रकाना. जमलं तर जमलं.

घरी मात्र आनंदीआनंद. बाबांनी आईचं तोंड हातात धरून नीट बघितलं आणि विचारलं, "तू इतकी म्हातारी कधी झालंस गो?" आईने पळी उगारली. जेवताना ते माशाचे काटे स्वतः काढू लागले, जाळ्याची भोकं बोटांनी न चाचपता शिवू लागले. माझी चूक मी कुणालाच सांगितली नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. आतल्या आत नुसती जळत होते.

नारळी पुनव झाली. बाबा लांबचा चष्मा घालून किनाऱ्यावर गेले. मी मुद्दाम मागोमाग. कुणीतरी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, "काय म्हाताऱ्या, खिडक्यो बसवलंस?" सगळे हसले, बाबाही हसले. रापणीच्या म्होरक्याने तात्पुरत्या माणसाला बाजूला केलं आणि त्यांची जागा त्यांना दिली. चष्म्यातून त्यांना अगदी स्वच्छ दिसत होतं. दूरच्या होडीत किती माणसं आहेत ते त्यांनी मोजून सांगितलं, मला माझ्या चष्म्यातून मोजता आली नाहीत. मला वाटलं, सुटले बाई. चष्म्यातून का होईना, दिसतंय ना?

पण हात वर जाईना. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. खाऱ्या वाऱ्याने काचा धूसर होत, ते सदऱ्याने पुसत आणि पुन्हा बघत. लोक होडीच्या सावलीत बसून त्यांच्याकडे बघत. मला कळेना की मासळी नाही की यांना दिसत नाही. मी रोज शाळेआधी जाऊन उभी राहायची आणि रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त गोंधळून शाळेत जायची. एकदा तर मी मुलांना एकच पाढा लागोपाठ दोनदा म्हणायला लावला.

नवव्या दिवशी मी धीर केला. म्हटलं, "दिवाळीनंतर दुसरो डोळो. तो लांबचा दिसात असो करूया. मगे चष्मो नको."

"नको. तो पण ह्याच्यासारखोच करूया."

माझा बांध फुटला. "बाबा, पुरे झाला! चूक माझी. कागदार लांबचा बघितलंय आणि खूण केलंय, वरचा वाचूकच नाय. तू ती आपल्या अंगार कित्याक घेतंस? दुसरो डोळो पण तसोच केलंस म्हणजे पयली चूक चूक दिसाची नाय, असाच ना?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा न घालता हातातच ठेवला.

"गेल्या वर्सा दोनदा हात वर केलंय, तां मोतीबिंदवान नाय," म्हणाले. "तेवढा माका दिसत होता. म्हावरा नव्हता."

"मगे हात कित्याक वर केलंस?"

"धा-बारा दिस माणसा बसान होती गो. कोण घराक जाय ना. सगळी माझ्याकडे बघीत होती. म्हटलंय, ओढूदे तरी. ओढताना माणसाक वाटता, येतला कायतरी."

ते पुढे म्हणाले, "आता पयल्यासारखा म्हावरा येणा नाय. भायर मोठ्यो बोटी सगळा घेऊन जातत. दोनय डोळ्यांनी साफ दिसाक लागला तर माका हंयच उभ्या रवाक लागतला. नाय म्हणान रोज ह्यांका सांगाक लागतला. चष्म्याच्या माणसाक कोण जबरदस्ती करणा नाय. मी गेलंय तर कोण इचारूचो नाय."

दुसऱ्या दिवसापासून ते गेले नाहीत. खारं पाणी काचांवर बसतं म्हणून जमत नाही, असं त्यांनी म्होरक्याला सांगितलं, आणि सगळ्यांना ते पटलं. तात्पुरता माणूस कायमचा झाला. बाबा ओटीवर बसून गावाची जाळी शिवू लागले. आई म्हणाली, बरं झालं, उन्हातून सुटले.

आणि मी? मला त्या सकाळी त्यांचा शब्द न्‌ शब्द खरा वाटला होता. घरी येईपर्यंत शंका आली. मागच्या वर्षी खरंच दिसत होतं, तर मग महिनाभर कोपऱ्यात तोंड घालून का बसले होते? की तीस वर्षांची जागा माझ्या एका खुणेने गेली, हे मला आयुष्यभर टोचू नये, म्हणून त्या म्हाताऱ्याने ही गोष्ट रचली? स्वतःला लबाड ठरवून? त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. ते मनात सांगलंय म्हणाले असते.

दिवाळीनंतर आम्ही बेळगावला गेलो. या वेळी डॉक्टरांनी मला समोर बसवून विचारलं आणि मी शाळेतल्यासारखं पूर्ण वाक्यात सांगितलं, "जवळचं चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे, लांबचं चष्म्याने दिसलं तरी चालेल." त्यांनी कागदावर लिहिलं, मला वाचायला दिलं. मी मथळ्यापासून तळापर्यंत दोनदा वाचलं.

"नक्की ना?" त्यांनी विचारलं. "हे झालं की तुमच्या बाबांना समुद्र चष्म्याशिवाय पुन्हा दिसायचा नाही."

मी मागे वळून बघितलं. बाबा बाकावर बसले होते, आणि मी काय सांगते ते ऐकण्यासाठी थोडे पुढे झुकले होते. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला वाचता आलं नाही, मी चष्मा घातलेला असूनही. मी "नक्की" म्हटलं आणि सही केली.